चटणीवरचं जेवण

सोलापूर, ६ सप्टेंबर १९७३

अण्णा,

साष्टांग नमस्कार. राग आहे, पण नमस्कार सोडलेला नाही. अनसूयावहिनींनाही सांगा.

तुमच्या नव्या नाटकाचं बाड पोचलं. बदली होऊन नांदेडला गेलात त्याला तीन महिने झाले नाहीत, तोवर तिथं मंडळी जमवलीत आणि तीन अंक लिहूनही काढलेत. बँकेचं काम कधी करता ते विचारत नाही. पात्रांची ओळख वाचली. शेवटून दुसरी सगुणा, मोलकरीण, आणि तिच्यापुढं तुमच्या हातानं 'सोजर' असं लिहिलेलं. नांदेडात बायकांचा दुष्काळ पडलाय का, की मोलकरीण सोलापूरहून मागवावी?

बाड याच टपालानं परत करते आहे. मी हे काम करणार नाही.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी आपलं जे वाजलं ते तुम्ही विसरलेले दिसता. मी म्हटलं होतं, पुढच्या नाटकात मला मोठं काम द्या. तुम्ही म्हणालात, "सोजर, तुझ्या बोलण्यानं नाटकाला चव येते. पण चटणीवर कुणाचं जेवण होत नाही." सगळी मंडळी हसली. मीही हसले, कारण तशी सवयच लागली होती. उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं, ते आता लिहिते. आमच्या करमाळ्याकडं भाकरी आणि चटणी यालाच जेवण म्हणतात, अण्णा. तुम्ही कधी आमच्या घरी आला असतात तर तुम्हालाही वाढलं असतं.

तुमच्या हाताखाली मी तीन वर्षं नाट्यस्पर्धेत उतरले. पहिल्या वर्षी गंगू, मग पारू, मग ठकी. नावं बदलली, बाई तीच. मी पदर खोचून, ट्रे घेऊन आत यायचं, बसप्पानं तबल्यावर गमतीचा तुकडा वाजवायचा, मी "बाईसाहेब, च्या टाकू का?" म्हणायचं आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घ्यायचं. दर वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस. आता मंडईत गेले की भाजीवाल्या मला च्या टाकू का म्हणतात. टांगेवाला "क्या बाई, च्या डालू क्या" म्हणतो. मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीला गणित शिकवते आणि मागच्या बाकावरून तेच ऐकू येतं. लोक प्रेमानं म्हणतात हे कळतं मला. मी ते मजेतच घेत होते.

पण गेल्या खेपेला माझी आई आली होती. टेंभुर्णीला गाडी बदलून, एवढ्या लांबून, आयुष्यातलं पहिलं नाटक बघायला. तुम्ही मोठ्या मानानं तिला पुढच्या रांगेत बसवलंत. आम्ही घरी परतायला निघालो. मग तिनं विचारलं, "लोक येवढी कशाला हसली गं? ती बाई च्या टाकू का इचारत हुती. टाकायचा तर इचारावं लागतंच की."

तिला राग आला नव्हता. माझ्या आईला, बजाबाईला, खरंच कळलं नव्हतं, एवढंच. मी तिला समजावून सांगायला गेले आणि मलाच सांगता येईना. त्या वाक्यात हसण्यासारखं काहीच नाही. आई घरी जशी बोलते तशी मी बोलले, आणि लोक हसले.

म्हणून ट्रे खाली ठेवला आहे. राग मानू नका, किंवा माना.

सोजर


सोलापूर, २२ जानेवारी १९७४

अण्णा,

मला गर्व झालाय, असं तुम्ही लिहिलंत. झाला असेल. इतकी वर्षं नव्हता, आता थोडा वापरून बघते.

गड्ड्याची यात्रा कालपरवा संपली, शाळेतली मुलं अजून पाळण्याच्याच गोष्टी सांगतात. तुम्ही विचारलंत, यंदा स्पर्धेत कुणाकडं होतीस. कुणाकडंच नव्हते. गावातल्या एका मंडळाकडं स्वतः गेले होते. म्हटलं, मला नायिकेचं काम वाचू द्या. त्यांनी वाचू दिलं. ते काम पुस्तकी भाषेतलं होतं. मी शिक्षिका आहे, ती भाषा मला येते, फक्त मला ती बोलताना तुम्ही कधी ऐकलं नाहीत. वाचन झालं. मग त्यांचे दिग्दर्शक म्हणाले, "बाई, वाचलंत उत्तम. पण तुम्ही आत आलात की लोक हसणार, त्याला आम्ही काय करू?" मग त्यांनी चहा मागवला. चहा आणणाऱ्या पोऱ्यालासुद्धा माझ्याकडं बघून हसू आलं.

दिवाळीनंतर एका धंदेवाईक कंपनीचे मॅनेजर मधल्या सुट्टीत शाळेत आले. गावोगाव फिरायचं, पगार शाळेच्या दुप्पट. काम कोणतं ते तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही म्हटल्यावर त्यांनी फडावर नाचणारीचं काम पुढं केलं, म्हणजे ग्रामीण बाईला दुसरं काय येतं म्हणा. मी त्यांना घंटा झाली म्हणून सांगितलं आणि वर्गात गेले. घंटा झालेली नव्हती. एवढा पगार सोडला म्हणून आमचे हेडमास्तर आठवडाभर हळहळत होते.

आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "येक काम न्हाई केलं म्हणून कुणी मरत न्हाई. आपलं शेत हाय, तुझी शाळा हाय." तिचं बरोबर आहे. पण स्पर्धेच्या दिवसांत मी तिकीट काढून प्रेक्षकांत बसले होते, आणि पहिली घंटा झाली तसे पाय आपोआप विंगेकडं वळले. दारावरच्या माणसानं अडवलं. मग खुर्चीवर येऊन बसले. तो अंक मला दिसलाच नाही. फार वाईट वाटलं, अण्णा. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. हा मजकूर वहिनींसाठी आहे, तुम्ही वाचू नका.

तुमचं नांदेडचं नाटक दुसरं आलं हे पेपरात वाचलं. अभिनंदन. सगुणा कुणी केली?

सोजर


सोलापूर, १० ऑक्टोबर १९७५

अण्णा,

वर्षभरात माझं पत्र नाही म्हणून वहिनी काळजीत आहेत असं तुम्ही लिहिता. वहिनीच का? असो. बातमी आहे.

इथल्या कॉलेजात सिद्धाराम नावाचे प्राध्यापक आहेत. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलतात आणि लिहितात मराठीत. त्यांनी 'थोरलं घर' नावाचं नाटक लिहिलंय आणि ते घेऊन माझ्याकडं आले. मुख्य काम सुंदराबाईचं. गावातल्या मोठ्या जमीनदाराची विधवा. सगळं घर तिच्या मुठीत. धाकट्या सुनेनं तिच्या शब्दाबाहेर एक पाऊल टाकलं म्हणून ही बाई सुनेला भर पावसात घराबाहेर काढते, त्यापायी मुलगा घर सोडून जातो, नातवंडं जातात, आणि शेवटी एवढ्या मोठ्या घरात एकटी उरते. पण माफी मागत नाही.

मी पहिलं पान वाचलं आणि वही मिटली. सुंदराबाई गावाकडचंच बोलते. मी त्यांना म्हटलं, सर, पुन्हा तीच भाषा? मला पुस्तकी बोलणारं काही असेल तर द्या. ते शांत माणूस आहेत. म्हणाले, "माझी आजी कन्नडमध्ये अशीच बोलायची. ती बोलायला लागली की आमच्या घरात हसायची कुणाची टाप नव्हती." मग म्हणाले, "तुम्ही ट्रे घेऊन यायच्या ना, तेव्हा मला बाईसाहेब झालेली बाई दिसायचीच नाही. तुम्हीच दिसायच्या. तेव्हापासून हे डोक्यात होतं."

मी वही पुन्हा उघडली ती पहाटेपर्यंत मिटली नाही.

आता रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की शाळेच्या हॉलमध्ये तालीम. आईचं चालणं, आईचं बोलणं यांतलं काहीही मी सुंदराबाईला दिलेलं नाही. आमच्या गावात एक मोठी बाई होती, तिच्या रानात आई खुरपायला जायची. ती बांधावर येऊन उभी राहायची. कधी आवाज चढवला नाही, तशी वेळच कुणी येऊ दिली नाही. नुसती नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची आणि बोलणाऱ्या बायका खाली मान घालायच्या. लहानपणी मला तिची फार भीती वाटे. आता ती मला उपयोगी पडते आहे.

तुमचा बसप्पा आमच्यात आलाय. तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या नाटकात तबला धरणार नाही म्हणत होता. मी डोळे मोठे केले, मग आला.

तुम्ही मागच्या कार्डात लिहिलंत की मोठ्या कामाचा हट्ट पुरे, तुला बघताच लोक हसतील आणि एकदा हसले की नाटक गेलं. अण्णा, मला हीच भीती रोज वाटते, तुम्ही ती लिहून पाठवायची गरज नव्हती. हे नाटक पडलं तर मी पुन्हा रंगमंचावर येणार नाही. आणि ट्रे घेऊन तर नाहीच नाही. हे मी अजून कुणाला बोललेले नाही.

सोजर


सोलापूर, ८ डिसेंबर १९७५

अण्णा,

तुमचं भाकीत खरं ठरलं. लोक हसले. आता पुढचं ऐका.

पडदा उघडतो तेव्हा अंगणात दोन सुना धान्य निवडत बसल्यात आणि कशावरून तरी खिदळतायत. मग आतून सुंदराबाई येते. सिद्धाराम सरांनी ठरवलेलं, की तिच्या येण्याला काहीही वाजवायचं नाही. तालमीत तसंच चाललं होतं. पण तालमीत समोर माणसं नव्हती. त्या दिवशी थिएटर भरलेलं, वर गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. मी दारातून आत पाऊल टाकलं, आणि बसप्पाच्या बोटांनी आपण होऊन तोच गमतीचा तुकडा वाजवला. तीन वर्षं मी आत आले की तो वाजवत होता. बोटांना काय माहीत, की यंदा बाई बदलली.

सगळं थिएटर फुटलं. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "बाईसाहेब, च्या टाकू का!" की आणखी हसू. विंगेत सिद्धाराम सरांनी डोक्याला हात लावलेला मला दिसला. बसप्पा तबल्यावर हात पालथे ठेवून मेल्यासारखा बसला होता. माझी धाकटी सून झालेली कॉलेजची मुलगी माझ्याकडं बघून ओठ चावत होती, तिला हसू येत होतं की रडू, देवास ठाऊक.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, संपलं. अण्णा बरोबर होते.

मग मला माझं वाक्य आठवलं. सुना खिदळत असतात, त्यांना सुंदराबाई म्हणते, "झालं का हसून?" हेच माझं नाटकातलं पहिलं वाक्य. ते सुनांना म्हणायचं होतं. मी सुनांकडं बघितलंच नाही. सरळ चालत पुढं आले, उजेडाच्या कडेपर्यंत, आणि उभी राहिले. ती मोठी बाई बांधावर उभी राहायची तशी उभी राहिले आणि गॅलरीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नजर फिरवली, सावकाश, एकेका माणसावरून. हसू वरच्या रांगेत थांबलं, मग खाली थांबत आलं. शेवटी एकटा कुणीतरी हसत होता, त्याला त्याच्या शेजाऱ्यानंच गप्प केलं. परीक्षकांच्या टेबलावर छोटा दिवा असतो ना, त्याच्या उजेडात तिघांचे चेहरे वर झालेले दिसले.

तेव्हा मी हळू आवाजात म्हटलं, "झालं का हसून?"

मी आणखी थांबले. मग म्हटलं, "मग लागा कामाला." आणि पाठ फिरवली. मागं सुना पटापट धान्य निवडायला लागल्या, त्यांना सांगावं लागलं नाही. खरंच घाबरल्या होत्या.

त्यानंतर तिसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत ते नाटक माझ्या हातात होतं, अण्णा. मला हे लिहिताना लाज वाटत नाही. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की थिएटर हातात असणं म्हणजे काय. मी सुनेच्या तोंडावर दार लावून घेतलं तेव्हा पुढच्या रांगांतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मुडदा बशीवला हिचा, दया न्हाई की गं तुला." माझं बक्षीस मला तिथंच मिळालं.

पडदा पडल्यावर बसप्पा माझ्या पाया पडायला आला. एवढा मोठा माणूस, हुंदके देत होता. मी म्हटलं, बसप्पा, पुढच्या प्रयोगालाही असंच वाजवा. सिद्धाराम सर माझ्याकडं असे बघायला लागले की मी विषय बदलला.

आई आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "त्या बाईला मी वळखलं. पण तिला येवढं दुख हुतं, हे मला ठावं नव्हतं." मग म्हणाली, "आजच्या दिस माझ्याफुडं बसू नगस. तुजं त्वांड बगितलं की खुरपं शोधाया हात जातुया."

निकाल तुम्हाला पेपरात दिसेलच. नाटक पहिलं. अभिनयाचं पहिलं पदक माझं. उत्तेजनार्थ नव्हे.

सोजर


परभणी, ३ फेब्रुवारी १९७७

अण्णा,

तुमची तार इथं मुक्कामावर मिळाली. आख्ख्या तारेत एकच शब्द: "जेवलो."

बाकीची मंडळी तार हातोहात फिरवत होती, कोण जेवला, कुठं जेवला, तार कशाला केली. मी कुणाला काही सांगितलं नाही. तार ब्लाऊजमध्ये ठेवली आणि तोंडाला रंग लावायला बसले, तर डोळ्यांतून पाणी थांबेना, रंग दोनदा लावावा लागला. म्हणजे परवा नांदेडच्या प्रयोगाला तुम्ही आणि वहिनी आला होतात आणि मला न भेटता गेलात. मला भेटायला लाज वाटली की मानी माणसाचं पोट भरल्यावर त्याला बोलवत नाही? काहीही असो. मला पोचलं.

माझं म्हणाल तर बिनपगारी रजा घेऊन फिरते आहे. 'थोरलं घर' धंदेवाईक कंपनीनं घेतलं, आणि मॅनेजर तेच, मधल्या सुट्टीतले. आता ते मला बाई म्हणतात आणि उभे राहतात. पण गंमत ऐका. गेल्या वर्षात माझ्याकडं जेवढी नाटकं आली त्या सगळ्यांत एक दुष्ट जमीनदारीण आहे. कुणी सुनेला काढते, कुणी विहिरीवर कुलूप लावते, एकीच्या हातात तर चाबूक आहे. म्हणजे मी आगीतून फुफाट्यात. लोकांना एकदा एक बाई आवडली की ती जन्मभर तशीच लागते. मी सगळ्यांना नाही कळवलं. मॅनेजर म्हणाले, "बाई, आता तर मोठी कामं येतायत, आता काय अडचण?" मी म्हटलं, सुंदराबाई एकदा केली. ती आता झाली.

सध्या तालमी चालल्यात त्या वेगळ्याच नाटकाच्या. त्यात मी पोस्टात तार घेणारी बाई आहे. पुण्याची, पुस्तकी बोलणारी, विनोदी. लोकांना हसवायचं आहे. हसवायला मला अजूनही आवडतं, अण्णा, फक्त ते माझ्या मर्जीनं झालं पाहिजे.

तुमची सोजर


सोलापूर, २ एप्रिल १९७८

अण्णा,

तुम्ही निवृत्त होऊन सोलापूरला परत येताय हे वाचून आनंद झाला. वहिनींना सांगा, नव्या पेठेतली जागा मी बघून आले, पाणी दोन्ही वेळ येतं.

तुमचं नवं नाटक दोनदा वाचलं. कॉपी करणाऱ्या बड्या घरच्या पोराला पकडणारे प्राचार्य, आणि त्यापायी सगळी संस्था त्यांच्यावर उठते. अण्णा, हे तुम्ही आजवर लिहिलेल्यातलं सगळ्यांत चांगलं आहे. मी तोंडदेखलं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पात्रांची ओळख उघडली तर एकाही नावापुढं कुणाचं नाव नाही. खाली तुमच्या बारीक अक्षरात, "सोजर, तुझं तू ठरव." असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मी ठरवलं आहे. मला प्राचार्यांचं काम करायचं आहे.

तुम्ही लिहिलंय, प्राचार्य, वय छप्पन्न, पुरुष. त्यांना बाई करा. एवढंच बदला, वाक्यं एकही बदलू नका. वयाची काळजी नको, केस पांढरे करता येतात आणि पाठीच्या बाकाचं मी बघते. भाषा पुस्तकी आहे ती तशीच राहू द्या. फक्त दुसऱ्या अंकात संस्थाचालक राजीनामा मागतात, तिथं तिला राग येतो, तेवढ्या एका जागी ती करमाळ्याचं बोलेल. ते मी तालमीत करून दाखवते, तुम्हाला पटलं नाही तर काढू. पण पटेल.

बसप्पाला विचारलं, तो तयार आहे. सिद्धाराम सर उपप्राचार्य करतील. आता राहिला तो कॉलेजचा शिपाई. चार वेळा आत यायचं, फायली ठेवायच्या, पाणी द्यायचं, एकूण सात वाक्यं. गावातल्या सगळ्या होतकरूंना विचारलं, एवढंसं काम कुणाला नको. तेव्हा ते तुम्ही करायचं आहे. दिग्दर्शन बसून होतं तसं उभं राहूनही होतं. खाकी कोट मी आणून ठेवला आहे, तुमच्या मापाचा वाटतो.

पहिल्या अंकात मी घंटी वाजवते आणि तुम्ही पाण्याचा पेला घेऊन आत येता. लोक तुम्हाला ओळखतील, हसतीलही. हसू द्या. पेला मात्र हलू देऊ नका, माझं पाणी पिऊन होईपर्यंत जागचं हलू नका, आणि तुमचं वाक्य घाईनं उरकू नका. तालमीला वेळेवर या. लहान कामं फार अवघड असतात, अण्णा. मी तीन वर्षं केली आहेत, मी शिकवीन तुम्हाला.

तुमची,
सोजर